टॉवरचं घड्याळ बरोबर आहे का, हे तपासायचं तर घड्याळ कुणाचं धरायचं?

मोबाईलवर रेंज फुल्ल दिसते, पण यूपीआयचं पेमेंट गोल गोल फिरत राहतं. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर तीन वेळा अंगठा देऊनही नोंद होत नाही. पीक विम्याचं काम करायला जावं आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅप उघडत नाही. यवतमाळहून माहूरकडे जाताना लागणाऱ्या आर्णीत असो किंवा राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही तालुक्याच्या गावात, लोकांचा सवाल एकच असतो. टॉवर तर समोर दिसतोय, मग घोडं अडतंय कुठं?

कारणं बरीच असू शकतात. टॉवरवर गर्दी झालेली असते, रस्त्याच्या कामात फायबर तुटलेला असतो, वीज गेलेली असते आणि बॅटरी उतरलेली असते. ही सगळी कारणं लोकांना माहिती आहेत. पण एक कारण असं आहे ज्याची चर्चा गावात होत नाही, ते म्हणजे टॉवरचं घड्याळ.

टॉवरचं घड्याळ सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकं जरी चुकलं, तरी काही प्रकारच्या नेटवर्कमध्ये गोंधळ उडतो. आणि हे घड्याळ बरोबर आहे का, हे तपासायला इंजिनिअर येतो तेव्हा त्याच्यासमोर पहिला प्रश्न असतो तो तुलना कशाशी करायची हा. यालाच म्हणतात टायमिंग रेफरन्स निवडणं. ही निवड चुकली तर बिघडलेला टॉवरही 'ओके' म्हणून पास होतो.

ते कसं, हे समजून घेऊ.

टॉवरला घड्याळ लागतंच कशाला?

टॉवरवरच्या बेस स्टेशनला, म्हणजे बोलीभाषेतल्या बीटीएसला, घड्याळाची गरज दोन गोष्टींसाठी असते.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रिक्वेन्सी. २३०० मेगाहर्ट्झवर काम करणाऱ्या टॉवरने सेकंदाला २३० कोटी कंपनं नेमकी मोजून सोडली पाहिजेत. ती मोजायची तर सेकंद नेमका किती लांबीचा, हे बीटीएसला ठाऊक हवं. ते चुकलं की फ्रिक्वेन्सी सरकते आणि फोनला सिग्नल पकडताना त्रास होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळेचा ठोका. सेकंद किती लांब हे कळून भागत नाही, तो नेमका कधी सुरू झाला हेही सगळ्या टॉवरना एकसारखं कळावं लागतं. भाषा तांत्रिक वाटते, पण एका उदाहरणाने विषय सोपा होतो.

एकच लेन असलेला अरुंद पूल डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंची वाहनं एकाच वेळी घुसली तर कोंडी होणार. म्हणून ठरवलं की आधी काही मिनिटं या बाजूची वाहनं सोडायची, मग त्या बाजूची. दोन्ही टोकांवर उभ्या असलेल्या माणसांच्या घड्याळांत फरक असला तर पुलाच्या मध्यावर काय होईल, ते सांगायला नको.

मोबाईलमध्ये या पद्धतीला टीडीडी म्हणतात. टॉवरकडून फोनकडे आणि फोनकडून टॉवरकडे असा दोन्हीकडचा डेटा एकाच फ्रिक्वेन्सीवरून, पण आळीपाळीने जातो. जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला ४जी सुरू केलं, त्यात २३०० मेगाहर्ट्झचा बँड याच पद्धतीचा होता. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी आलं, त्याचा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा मुख्य बँडही टीडीडीच आहे.

याउलट ७००, ८५०, ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या जुन्या पद्धतीत जाण्याची आणि येण्याची लेन वेगवेगळी असते. तिला एफडीडी म्हणतात. तिथं फ्रिक्वेन्सी अचूक असली की बरंचसं काम भागतं.

चूक एका टॉवरची, तक्रार दुसऱ्या गावाची

टीडीडीमधली खरी गंमत पुढे आहे. समजा आर्णीतल्या एका टॉवरचं घड्याळ सरकलं. तो चुकीच्या क्षणी बोलायला लागला. त्याच क्षणी शेजारच्या जवळा किंवा लोणबेहळकडचा टॉवर आपल्या भागातल्या फोनचं ऐकत बसलेला आहे.

फोनची ताकद किती? साधारण पाव वॅटपेक्षाही कमी. टॉवरची ताकद मात्र काही दहा वॅट असते. म्हणजे शेजारी कुणीतरी हळू आवाजात बोलत असताना कुणी लाऊडस्पीकर लावावा, तशी गत होते. शेजारच्या टॉवरला स्वतःच्या फोनचं ऐकू येईनासं होतं.

तिथल्या लोकांच्या मोबाईलवर रेंज पूर्ण दिसते, कारण टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत व्यवस्थित येतोय. फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचत नाही, म्हणून काहीच पुढे सरकत नाही. आणि घड्याळ चुकलेल्या टॉवरखालच्या लोकांना कदाचित फारसा त्रासही जाणवत नाही.

त्यामुळे ज्या गावातून तक्रारी येतात त्या गावचा टॉवर तपासला, तर त्यात काहीच सापडत नाही. दोष शोधायचा तर प्रत्येक टॉवरचा ठोका एका समान घड्याळाशी ताडून बघावा लागतो.

चूक किती चालते?

मोठ्या टॉवरसाठी फ्रिक्वेन्सीची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे दशलक्षात ०.०५ भाग. म्हणजेच दोन कोटीत एक भाग. मनगटावरचं घड्याळ इतकं अचूक असेल, तर एक सेकंद चुकायला त्याला साडेसात महिने लागतील. २३०० मेगाहर्ट्झवर ही मर्यादा होते फक्त ११५ हर्ट्झ.

इतकी कडक मर्यादा का? कारण फोन हलता असतो. आर्णीवरून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतल्या फोनला, केवळ वेगामुळेच, याच बँडवर २१३ हर्ट्झपर्यंत फरक जाणवतो. ट्रेनची शिट्टी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते, तोच हा प्रकार. फोन हा फरक सांभाळून घेतो. त्यात टॉवरने आपल्या चुकीची भर घातली तर फोनवरचा बोजा वाढतो.

ठोक्याची मर्यादा आणखी कडक आहे. टीडीडीमध्ये प्रत्येक टॉवर समान वेळेपासून जास्तीत जास्त दीड मायक्रोसेकंद पुढे-मागे असावा, असा मानक आहे. म्हणजे शेजारच्या दोन टॉवरमध्ये तीन मायक्रोसेकंदांच्या वर फरक नको. दीड मायक्रोसेकंदात प्रकाश जेमतेम ४५० मीटर जातो.

आता एक छोटं गणित करून बघा. एखादा टॉवर फ्रिक्वेन्सीच्या परीक्षेत काठावर पास झाला, म्हणजे त्याची चूक बरोबर दशलक्षात ०.०५ भाग आहे. मग तो दर सेकंदाला ५० नॅनोसेकंद सरकणार. त्याचा ठोका कुणी दुरुस्त केला नाही, तर दीड मायक्रोसेकंदांची मर्यादा तो किती वेळात ओलांडेल? अवघ्या ३० सेकंदांत.

म्हणजे फ्रिक्वेन्सीची परीक्षा पास झाल्याने ठोका बरोबर आहे असं सिद्ध होत नाही. दोन परीक्षा वेगळ्या आहेत आणि दोन्हींना लागणारा रेफरन्सही वेगळा आहे.

काट्याची परीक्षा आणि व्यापाऱ्याची वजनं

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. कापूस विकायला नेला की शेतकऱ्याचा जीव काट्यावर टांगलेला असतो. समजा काटा दोन टक्के कमी दाखवतोय अशी शंका आली. मग तो तपासायला कोणती वजनं वापरायची? त्याच काट्यावर तोलून तयार केलेली वजनं वापरली, तर काटा दर वेळी शंभर टक्के बरोबरच दाखवणार. म्हणूनच वैधमापन शास्त्र विभागाची वेगळी, पडताळलेली वजनं लागतात.

टॉवरच्या तपासणीत नेमकी हीच चूक सहज होऊ शकते.

तपासणीसाठी वापरतात त्या यंत्राला सिग्नल अ‍ॅनालायझर म्हणतात. त्याच्या मागे १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स जोडायची खाच असते. बीटीएसमधूनही बऱ्याचदा १० मेगाहर्ट्झचा सिग्नल बाहेर काढता येतो. इंजिनिअरला वाटतं, केबल तर समोरच आहे, जोडून टाकू.

केबल जोडली की अ‍ॅनालायझर बीटीएसच्याच घड्याळावर चालायला लागतो. मग टॉवर कितीही सरकलेला असो, फ्रिक्वेन्सीची चूक जवळपास शून्य दिसते. दोघंही मिळून एकाच दिशेने, एकाच प्रमाणात चुकत असतात, म्हणून फरक दिसत नाही. रिपोर्टवर 'ओके' येतं आणि टॉवरमधला दोष जिथल्या तिथे राहतो.

यावरून पहिला नियम मिळतो. ज्या घड्याळाची परीक्षा आहे, त्याच्याशी संबंध नसलेलं घड्याळ परीक्षक म्हणून घ्यायचं.

मग बीटीएसचा रेफरन्स कधीच वापरायचा नाही का?

असं नाही. सगळ्या चाचण्या घड्याळाच्या नसतात. कुठल्या चाचणीला काय चालतं, हे असं सांगता येईल.

सिग्नलची ताकद मोजायची असेल, किंवा तो शेजारच्या फ्रिक्वेन्सीत किती सांडतोय हे बघायचं असेल, तर अ‍ॅनालायझरचं स्वतःचं आतलं घड्याळ पुरतं. टीडीडी असेल तर एक काळजी मात्र घ्यावी लागते. टॉवर बोलत असतो तेवढ्याच काळात मोजायचं, म्हणून फ्रेम कधी सुरू झाली हे सांगणारा ट्रिगर लागतो. इथं बीटीएसने दिलेला ट्रिगर चालतो, कारण प्रश्न ताकदीचा आहे.

सिग्नलचा दर्जा, म्हणजे डेटा किती स्वच्छ निघतोय हे मोजायचं असेल, तरी बीटीएसचा रेफरन्स चालतो. फ्रिक्वेन्सीतला सावकाश सरकणारा फरक बाजूला ठेवूनच ही चाचणी करतात. फोनही तेच करतो.

एकाच टॉवरच्या दोन अँटेनांमधला वेळेचा फरक मोजायचा असेल, तर बाहेरच्या घड्याळाची गरजच नाही. दोन्ही सिग्नल एकाच यंत्रात घ्यायचे आणि त्यांची आपसात तुलना करायची. एकाच बँडमधल्या अनेक अँटेनांच्या प्रक्षेपणासाठी ही मर्यादा ६५ नॅनोसेकंद आहे. फक्त दोन्ही केबलची लांबी सारखी हवी, नाहीतर केबलमधला फरकच टॉवरच्या नावावर लागतो.

फ्रिक्वेन्सीची चूक मोजायची असेल तर मात्र स्वतंत्र १० मेगाहर्ट्झ रेफरन्स हवाच.

आणि ठोका मोजायचा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. सेकंद कधी सुरू झाला हे सांगणारा, दर सेकंदाला एक ठोका देणारा स्वतंत्र सिग्नल लागतो. त्याला पीपीएस म्हणतात.

४जी आणि ५जीची एक फ्रेम १० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एका सेकंदात बरोबर १०० फ्रेम बसतात. त्यामुळे सेकंदाचा ठोका आणि फ्रेमची सुरुवात जुळलीच पाहिजे, असं गृहीत धरून तपासणी करता येते.

रिलायन्सचा फोन आणि दोन सेकंदांचा ठोका

ही सोय आधी नव्हती. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत मोबाईल दिला आणि गावोगावी ते फोन पोचले, हे अनेकांना आठवत असेल. ते नेटवर्क सीडीएमए पद्धतीचं होतं. टाटा इंडिकॉमचंही तेच.

सीडीएमएमध्ये सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकच सांकेतिक मालिका पाठवायचे. कुठला टॉवर कोणता, हे ओळखायचं तर प्रत्येकाने ती मालिका थोडी थोडी उशिरा सुरू करायची. दोन टॉवरमधलं कमीत कमी अंतर होतं सुमारे ५२ मायक्रोसेकंद. म्हणजे घड्याळ तेवढं सरकलं तर एक टॉवर चक्क दुसऱ्याच टॉवरच्या नावाने ओळखला जाणार. म्हणून तिथं सगळे टॉवर जीपीएसच्या वेळेला बांधलेले असायचे.

पण ती मालिका २६.६७ मिलिसेकंदांची होती. एका सेकंदात ती साडेसदतीस वेळा यायची. पूर्ण आकड्यात बसायला दोन सेकंद लागायचे, तेव्हा ७५ फेऱ्या व्हायच्या. त्यामुळे तपासणी करणाऱ्याला दर सेकंदाचा ठोका देऊन चालायचं नाही. 'सम सेकंदाचा' ठोका, म्हणजे दर दोन सेकंदांनी येणारा, द्यावा लागायचा. चुकून साधा एक सेकंदाचा ठोका जोडला, तर निम्म्या वेळा मोजणी अर्ध्या मालिकेने चुकायची.

यावरून दुसरा नियम. रेफरन्स कितीही अचूक असला तरी तो त्या नेटवर्कच्या तालाशी जुळणारा हवा.

आजही याचा एक सापळा शिल्लक आहे. जीपीएसची वेळ आणि जगाची नागरी वेळ यांच्यात १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे, कारण नागरी वेळेत लीप सेकंद मिळवतात आणि जीपीएसच्या वेळेत मिळवत नाहीत. दोन्हींचे ठोके एकत्रच पडतात, म्हणून फ्रेमची सुरुवात जुळते. पण फ्रेमचे नंबर दर १०.२४ सेकंदांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतात. टॉवरने एक वेळ धरली आणि तपासणाऱ्याने दुसरी, तर फ्रेमचा नंबर ७७६ ने चुकलेला दिसतो आणि टॉवर नीट असूनही नापास होतो.

घड्याळांची उतरंड

आता प्रश्न येतो की स्वतंत्र घड्याळ घ्यायचं तर किती चांगलं? मापनशास्त्रात साधारण संकेत असा आहे की जे तपासायचं त्यापेक्षा तपासणारं साधन चार ते दहा पट अचूक असावं. मर्यादा दशलक्षात ०.०५ असेल, तर रेफरन्स ०.०१ च्या आसपास किंवा त्याहून चांगला हवा.

स्वस्त यंत्रातलं क्वार्ट्झ घड्याळ वर्षभरात दशलक्षात एक भागाच्या आसपास सरकतं. २३०० मेगाहर्ट्झवर हे झाले २३०० हर्ट्झ, आणि मोजायचे आहेत ११५. म्हणजे सोनं तोलायला धान्याचा काटा घेतल्यासारखं.

त्याच्या वरच्या दर्जाचं घड्याळ म्हणजे ओसीएक्सओ. यात क्वार्ट्झचा तुकडा एका छोट्या तापवलेल्या डबीत ठेवतात, म्हणजे बाहेर विदर्भातला मे महिना असो की डिसेंबरची थंडी, आतलं तापमान तेच राहतं. हे बरंच चांगलं असतं, पण यंत्र चालू केल्यावर स्थिर व्हायला वेळ घेतं. गाडीतून उतरून लगेच मोजायला सुरुवात केली तर आकडा फसवा येतो. आणि वर्षभरात ते दशलक्षात ०.१ भागाने सरकलं असेल, तर पुन्हा तपासल्याशिवाय या कामाला चालत नाही.

त्याच्यावर रुबिडियमचं अणुघड्याळ. वर्षभरात ते सरकतं अब्जात एका भागाच्या आसपास. फ्रिक्वेन्सी तपासायला हे उत्तम. पण रुबिडियमला सेकंद किती लांब आहे एवढंच माहिती असतं, तो कधी सुरू झाला हे माहिती नसतं. ठोका तपासायचा तर आधी त्याला बाहेरून एकदा वेळ लावून द्यावी लागते.

म्हणून टॉवरवर काम करताना बहुतेक वेळा जीपीएसच्या धाकात चालणारं घड्याळ वापरतात. आत ओसीएक्सओ किंवा रुबिडियम असतं आणि उपग्रहांकडून येणारी वेळ त्याला सतत ताळ्यावर ठेवते. फ्रिक्वेन्सी आणि ठोका दोन्ही त्यातून मिळतात.

केबलचा हिशेब आणि उभं राहण्याची जागा

उत्तम घड्याळ आणलं तरी काम संपत नाही. सिग्नल केबलमधून जायलाही वेळ लागतो. साध्या केबलमध्ये एका मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद. टॉवरच्या जीपीएस अँटेनाची केबल ४० मीटर आणि तपासणाऱ्याची ५ मीटर असेल, तर ३५ मीटरच्या फरकाचे १७५ नॅनोसेकंद झाले. दीड मायक्रोसेकंदांच्या मर्यादेतला जवळपास आठवा हिस्सा केबलनेच खाल्ला. हा हिशेब वजा केला नाही, तर निकाल चुकतो.

दुसरी गोष्ट उभं राहण्याच्या जागेची. आता रेडिओचं यंत्र वर टॉवरच्या टोकाला, अँटेनाजवळ असतं. ५जीच्या मोठ्या अँटेनांमध्ये तर रेडिओ आतच बसवलेला असतो आणि केबल जोडायला जागाच नसते. मग हवेतून सिग्नल पकडून मोजावं लागतं.

हवेतून सिग्नलला एक किलोमीटर यायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात. समजा टॉवरपासून एक किलोमीटरवर एसटी स्टँड आहे आणि इंजिनिअर तिथं उभा राहून मोजतोय. अंतराचा हिशेब धरला नाही, तर अगदी वेळेवर चालणारा टॉवरही ३.३ मायक्रोसेकंद उशिरा दिसेल आणि नापास होईल. उलट, तेवढाच पुढे पळणारा टॉवर बरोबर वेळेवर असल्यासारखा दिसेल. म्हणून टॉवर समोर दिसेल अशी जागा धरायची, अंतर मोजायचं आणि तेवढा वेळ वजा करायचा.

आणि जीपीएसच चुकलं तर?

२६ जानेवारी २०१६ ला हे खरंच घडलं. अमेरिकेने जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढला. त्या वेळी काही उपग्रहांवरून वेळेची चुकीची दुरुस्ती प्रसारित झाली आणि जीपीएसवरून मिळणारी नागरी वेळ १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकली. नकाशे आणि ठिकाण दाखवण्याचं काम नीट चालू होतं, त्यामुळे सामान्य माणसाला पत्ताही लागला नाही. पण वेळेवर अवलंबून असलेल्या दूरसंचार यंत्रणांमध्ये जगभर अलार्म वाजले. मर्यादा दीड मायक्रोसेकंदांची आणि चूक त्याच्या नऊ पट.

अशा दिवशी टॉवरही जीपीएसवर आणि तपासणारं यंत्रही जीपीएसवर असेल, तर काय होईल? दोघंही सारखेच चुकतील आणि फरक शून्य दिसेल. काटा आणि वजनं पुन्हा एकाच घरची.

म्हणून महत्त्वाच्या तपासणीत दुसरा आधार ठेवतात. आधी लावून ठेवलेलं रुबिडियम, दुसऱ्या देशाची उपग्रह प्रणाली, किंवा फायबरवरून मुख्य केंद्राकडून येणारी वेळ. दोन स्वतंत्र साक्षीदारांचा जबाब जुळला की विश्वास बसतो.

भारताकडेही असा दुसरा साक्षीदार आहे, इस्रोची नाविक प्रणाली. तिचा प्रवास सोपा नव्हता. पहिल्या उपग्रहावरची परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली होती. त्यानंतर २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ बसवलं गेलं.

जमिनीवर देशाची वेळ राखायचं काम दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. ती वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी इथल्या केंद्रांमधून देशभर पोचवण्याचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेसाठी वैधमापन कायद्याखाली नियमांचा मसुदाही जाहीर केला. म्हणजे ज्या कायद्याने कापसाचा काटा तपासला जातो, त्याच कायद्याच्या कक्षेत आता वेळही येऊ घातली आहे.

एकच वेळ सगळ्यांनी मानायची, हे नवीन नाही

महाराष्ट्राला हा प्रश्न जुनाच आहे. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत पुढे कित्येक दशकं ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' चालत राहिली. दोन्ही घड्याळं आपापल्या जागी बरोबरच होती, पण एकमेकांशी जुळत नव्हती.

आणि जुळवलं तर काय होतं, हे पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या खोडदला दिसतं. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अवाढव्य अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. मध्यवर्ती केंद्रातून फायबरने त्या सगळ्यांना एकच रेफरन्स जातो, म्हणून त्या मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीसारखं काम करतात. मोबाईल टॉवरकडून अपेक्षा तीच आहे. प्रत्येकाने स्वतःपुरतं बरोबर असून चालत नाही.

सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं?

टॉवरचं घड्याळ तपासणं हे काही ग्राहकाचं काम नाही. पण तक्रार करताना दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर उपयोग होतो.

एक, 'नेट चालत नाही' एवढंच सांगू नका. रेंज पूर्ण असताना चालत नाही का, दिवसाच्या ठरावीक वेळीच बिघडतं का, गावाच्या कुठल्या भागात बिघडतं, हे तारीख-वेळेसह नोंदवा. गर्दीमुळे येणारी अडचण साधारण संध्याकाळी वाढते आणि रात्री उशिरा कमी होते. रेंज फुल्ल असताना मध्यरात्रीही तीच अडचण राहत असेल, तर कारण वेगळं असण्याची शक्यता वाढते. कंपनीकडून तक्रारीचा क्रमांक घ्या आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, तशी तरतूद आहे.

दोन, 'आम्ही टॉवर तपासला, सगळं ओके आहे' असं उत्तर आलं, तर एक प्रश्न विचारायला हरकत नाही. फक्त आमच्या गावचा टॉवर तपासला, की शेजारचेही? आणि ते ओके आहेत ते कुठल्या घड्याळाच्या तुलनेत?